धुळे ते चोपडा, व्हाया प्रत्येक थांबा

सायकल चालवणाऱ्याकडे किलोमीटर कमी आणि किस्सेच जास्त जमतात. मोटारीत बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही हो! सायकलवाल्याला मात्र रस्त्यावरचा प्रत्येक जण थांबवतो, चौकशी करतो, आणि खरं उत्तर दिलं तर विश्वास ठेवत नाही.

धुळ्यातलं आमचं रविवारचं मंडळ तिघांचं. मी गणिताचा शिक्षक. नाना एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. आणि तिसरे कोठारीशेठ, साड्यांच्या दुकानाचे मालक. मागच्या जानेवारीत आम्ही चोपड्याला निघालो. अंतर शंभराला थोडं कमी. दहावीचे पेपर तपासून पिकले नाहीत एवढे केस माझे त्या एका दिवसात पिकले!

* * *

चोपडाच का? तर तिथे शेठची मुलगी निकिता दिलेली आहे. त्याच्या दीडएक वर्ष आधी शेठना हार्ट अटॅक आला, तेव्हापासून ती रोज फोनवर रडायची. "एकदा तिच्या दारात सायकलवर जाऊन उभा राहतो. मग बघू कशी रडते!" हा शेठचा हट्ट. वर्षभर सराव करून त्यांनी डॉक्टरांची परवानगीही मिळवली. तरी निघताना वहिनींनी गोळ्यांची डबी माझ्याच खिशात कोंबली. "सर, यांना नजरेआड होऊ देऊ नका हं!"

शेठची सायकल भारीतली. इतकी हलकी की एका हाताने उचलावी. वजन वाढतं म्हणून त्यांनी स्टँडसुद्धा काढून टाकलेलं. आणि मागे काय लटकवलं? दोन पिशव्या! खाखरे, शेव, लोणच्याची बरणी, डिंकाचे लाडू.

"शेठ, सायकल दहा किलोची आणि पिशव्या बारा किलोच्या!"

"मग काय सर, मुलीच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ?"

गावाबाहेरचा पहिलाच चढ लागला. त्यानंतर चोपड्यापर्यंत त्या पिशव्या कोणाच्या सायकलवर होत्या, ते मला विचारू नका.

* * *

सोनगीरला चहाला थांबलो. बाकावर एक म्हातारे आबा बसलेले. त्यांनी आमचे हेल्मेट, गॉगल, घट्ट चड्ड्या सगळं नीट पाहून घेतलं.

"कोठे चालनात?"

"चोपड्याला, आबा."

"सायकलवर? का बरं? बस बंद शे का?"

एसटीचा विषय निघाल्यावर नाना गप्प बसतात होय! "बंद कसानी? तीस वरीस मीच चालाडी ना बस!"

आबांनी नानांकडे फार दयेने पाहिलं. "मंग आते काय शिक्षा दिधी का तुमले?"

* * *

निकिताच्या सासरी एक वाजता जेवायला पोहोचायचं ठरलेलं. घरातून वेळेवर निघालो होतो, वाराही पाठीशी होता. पण नाना! एसटीचा थांबा दिसला की हे थांबणार. प्रत्येक थांबा! पाणी नको, चहा नको, नुसतं एक पाय टेकवून उभं राहायचं, मागे वळून बघायचं, आणि मग निघायचं.

"नाना, कोणाची वाट बघताय?"

"सवय शे, सर. कोणी पळत येत असलं तर?"

आणि बेटावदच्या पुढे एक अक्का खरंच पळत आल्या! हातात वांग्यांची भली मोठी थैली. "नाना, अमळनेरवरून जाश्यात ना? एवढी थैली मना भाऊले दी द्या." पत्ता काय, तर "कोणलेबी इचारा, भाऊसाहेबनं घर!" नानांनी थैली कॅरियरला बांधलीसुद्धा.

अमळनेरात भाऊसाहेब किती असावेत? आम्ही पाऊण तास गल्ल्या पालथ्या घातल्या. चौथे भाऊसाहेब थैलीत डोकावून, ती ठेवून घ्यायला हात पुढे करत म्हणाले, "माले तं बहीणच नही. पन वांगा झकास शेतस! ठी जा!"

पाचवे निघाले खरे भाऊसाहेब. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

* * *

तापीचा पूल ओलांडला आणि मी मागे पाहिलं. शेठ नाहीत!

फोन लावला. वाजतोय, पण उचलत नाहीत. नानांनी तिथल्या तिथे सायकल वळवली. वहिनींचं 'नजरेआड' मला ऐकू यायला लागलं. खिशातली डबी मुठीत धरून मी पॅडल मारत होतो, आणि इतका जोर मी आयुष्यात लावलेला नाही.

पुलाअलीकडे शेतात निंबाच्या झाडाखाली ती सायकल आडवी पडलेली. शेजारी शेठ, तेही आडवे. डोळे मिटलेले.

नानांनी त्यांचा खांदा गदागदा हलवला. "शेठ! ओ शेठ!"

शेठनी एक डोळा उघडला. "हळू हो! मी स्पीड मोजायचं ॲप पॉज करून झोपलोय. ॲव्हरेज बिघडेल ना!"

डबीतली एक गोळी आता मलाच लागेल असं वाटत होतं. नानांनी मात्र त्यांना अशा काही अहिराणी शिव्या घातल्या, की शेजारच्या बांधावरचा शेतकरी काम सोडून ऐकायला आला.

* * *

चोपड्यात पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. निकिता दारातच उभी होती. शेठ सायकलवर टेचात बसून आले, घंटी वाजवली. ती त्यांचं मनगट हातात घेऊन किती तरी वेळ नाडी बघत राहिली, आणि मग रडली ती रडलीच!

तेवढ्यात तिचे सासरे बाहेर आले. अत्यंत गंभीर माणूस. धान्याचा व्यापार, पांढरा सदरा, तोंडातून शब्द मोजून निघणार. आम्ही उशिराची माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्ष सायकलकडे. तिच्याभोवती एक फेरी मारली. सीट दाबून पाहिली. मग म्हणाले, "कोठारीजी, जरा घेऊ का?"

व्याह्यांना नाही कोण म्हणणार? धोतराचा काष्टा खोचून, सायकल हाताने धरून ते गल्लीच्या वळणापर्यंत चालत गेले आणि दिसेनासे झाले.

आमचे हातपाय धुऊन झाले. ताटं वाढली. अर्धा तास गेला. डाळ दोनदा गरम झाली.

निकिता पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बाबूजी कुठे गेले?"

"सायकल घेऊन गेलेत. चक्कर मारायला."

तांब्या तिच्या हातातच राहिला.

"पण बाबूजींना सायकल येत नाही!"