टिळा लागलेले चाळीस घोडे

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं.

संपात ह्यांची गिरणी बंद पडली, तेव्हा मी चिंचपोकळीच्या एका कारखान्यातून शिशाचे खेळण्यातले घोडेस्वार रंगवायला घरी आणायची. विलायतेकडच्या जुन्या लढायांतले स्वार. रंग चुकू नयेत म्हणून मालकाने एकदा सगळे समजावले होते. छातीवर पत्रा आणि घोडा दांडगा, तो शत्रूची फळी फोडणारा. भालेवाला पळणाऱ्यांच्या मागे लागणारा. हलका स्वार पुढे जाऊन टेहळणी करणारा. आणि एक घोड्यावरून जाऊन, खाली उतरून बंदुकीने लढणारा. त्याला बघून हे म्हणाले होते, "उतरानच झगडूचा, तर घोडो कित्याक व्हयो?"

खंडेनवमीला हे दरवर्षी गिरणीत आपल्या मागाची पूजा करायचे. त्या वर्षी माग कुलपात. मी पाणी भरायला गेले, तेवढ्यात ह्यांनी माझ्या ताटातल्या चाळीस टेहळ्यांच्या घोड्यांना कुंकू लावलं. वार्निश ओलं होतं. कुंकू आत बसलं ते निघेना. किती दिवसांनी ह्यांचा चेहरा उजळलेला, माझ्याने बोलवेना.

कारखान्यात माल पोचवायला गेले, तर मालक म्हणाला, "वहिनी, हे लपूनछपून बघायला जाणार आणि कपाळाला टिळा? शत्रू हळदीकुंकवाला बसवून घेईल."

कामगार हसले. त्याच स्वारांचे लाल डगले आणि त्यांवरच्या सोनेरी नाड्या मालकानेच रंगवायला सांगितल्या होत्या. ते लांबून दिसत नाहीत, टिळाच तेवढा दिसतो? मनात आलं, तोंडातून निघालं नाही. मीच लावला, एवढंच म्हटलं. चाळिसांची किंमत दर शनिवारी माझ्या मजुरीतून थोडी थोडी कापायची ठरली.

घरी मजुरीचं पाकीट बघून हे वैतागायचे. "इतकेच पैशे? आणि तू गप ऱ्हवलंस? देवान तुका तोंड कित्याक दिल्यान?"

दर शनिवारी हेच. मी भांडी आपटायची. खरं सांगितलं असतं तर ह्यांनी पुन्हा कशाची पूजा केली नसती.

शिमगा उलटल्यावर एका शनिवारी पाकीट पुरं आलं. ह्यांनी दोनदा मोजलं.

"उघडलंस एकदाचा तोंड."

मी हो म्हटलं. चाळीस घोड्यांचे पैसे सगळे फिटले होते.