कालजेता बाजारात आला तेव्हा

तिसऱ्याच खेळीला डाव संपला. प्रणाली भोईरने हातातली कार्डं पालथी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अनघा, हे कार्ड तुम्ही टेस्ट केलेलं ना?"

"केलेलं."

"आणि तरी काढलंत?"

बाळकुमला तिच्या वडिलांचा हॉल आहे. दर रविवारी तिथे आमच्या गेमची टेबलं लागायची. मी त्या दिवशी कंपनीतर्फे गेलेले. सगळ्यांसमोर काय सांगणार? टेबलावरची कार्डं गोळा करायला लागले.

मी ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते. आम्ही सुपरहिरोंचा कार्ड गेम बनवायचो. प्रत्येक कार्डावर एक हिरो आणि त्याची खास शक्ती. कार्डं बंद पाकिटात मिळायची. आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. जमवलेल्या कार्डांमधून आपला गठ्ठा बांधायचा, त्याला डेक म्हणतात, आणि समोरच्याशी खेळायचं. माझं काम बॅलन्सिंगचं. म्हणजे एखादं कार्ड इतकं भारी होऊ द्यायचं नाही की बाकीची रद्दी होतील.

सुरुवातीची वर्षं सुरेख गेली. कळव्यात, ठाकुर्लीत, डोंबिवलीत ग्रुप उभे राहिले. बँकेतले साहेब, कॉलेजची मुलं, एक डेंटिस्ट बाई, सगळे एका टेबलावर. प्रणाली पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. तिचा डेक 'ठिणगी' नावाच्या एका कमजोर नायिकेवर उभा होता. ठिणगी हरायची, पण हरताना सोबतच्यांना बळ देऊन जायची. कोणी हात न लावलेलं ते कार्ड प्रणालीने घेतलं आणि वर्षभर डोकं लावून त्याच्याभोवती डेक बांधला. ती खेळायला बसली की लोक आपला डाव टाकून बघायला यायचे. तिचे वडील, आप्पा, त्यांना यातलं काही कळायचं नाही. तरी लेकीच्या मागे खुर्ची टाकून बसायचे.

मग विक्री बसली. जुन्या लोकांकडे हवी ती कार्डं होती, नवी पाकिटं ते कशाला घेतील? आमचे बॉस समीर सर. त्यांनी 'कालजेता' बनवून घेतला. हा हिरो टेबलावर आला की समोरच्याच्या पुढच्या खेळ्या रद्द.

मी टेस्टिंगनंतर त्यांच्याकडे गेले.

"सर, ज्याच्याकडे हा आहे तोच जिंकतोय. समोरचा नुसता बसून राहतो."

"अगं, म्हणूनच लोक घेतील. बॅलन्स नंतर बघू."

"नंतर उशीर होईल सर."

"आत्ता पाकिटं हलली नाहीत, तर नंतर हे ऑफिस तरी राहील का?"

ते खोटं बोलत नव्हते. आम्हा सगळ्यांची घरं त्याच पगारावर चालत होती.

पाकिटं हलली. दुकानदार पुन्हा पुन्हा मागवायला लागले. ऑफिसात केक कापला. बाळकुमला प्रणाली हरली तो डाव त्याच आठवड्यातला.

पुढच्या सेटमध्ये, म्हणजे कार्डांच्या नव्या संचात, कालजेत्याला तोड म्हणून त्याच्याहून भारी कार्ड काढावं लागलं. मग त्याला तोड म्हणून आणखी एक. जुने डेक कपाटात गेले. रविवारी टेबलं रिकामी राहायला लागली. एकदा आप्पांनी मलाच विचारलं, "सगली पोरा कं गेली गो?"

शेवटी सरांनी कालजेता बॅन केला, म्हणजे स्पर्धेत वापरायला बंदी. ते जाहीर करायला मी ठाकुर्लीला गेले. तिथे एक गृहस्थ उठून उभे राहिले. "मॅडम, या एका कार्डासाठी मी आणि माझा मुलगा दुकानं पालथी घालत फिरलो. तुम्हीच विकलं, आता तुम्हीच बंद करताय?" मी नियम समजावत होते. ते ऐकून घेऊन बापलेक निघून गेले. जुने खेळाडू आधीच तुटलेले, आता नवेही तुटले. दिवाळीनंतर कंपनीने गेम बंद करायचं ठरवलं.

प्रणालीला फोनवर सांगणं मला जमेना. बाळकुमला गेले. हॉलमध्ये कोणाच्या तरी हळदीसाठी मांडव बांधणं चाललेलं. ती बाहेरच भेटली.

"बंद होतोय ना? अंदाज होताच," ती म्हणाली. "मी तर कधीच सोडला. राग हरण्याचा नव्हता गं. आधी हरले तरी घरी जाताना डोक्यात चालू असायचं, इथे हे केलं असतं तर? कालजेत्यासमोर विचार करायला काही उरलंच नाही."

मला वाटलेलं ती चिडेल. चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने आत नेऊन चहा दिला. लॅबबद्दल बोलली, आप्पांच्या गुडघ्याबद्दल बोलली. गेमचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मी मोबाइल गेमच्या कंपनीत आहे. बॅलन्सिंगच करते. टेस्टिंग संपलं की नवे सहकारी जिंकलेल्याभोवती जमतात, कसं जिंकलास विचारतात. मी हरलेल्याकडे जाते आणि एकच विचारते, "परत खेळशील?" तो नाही म्हणाला, तर गेम अजून तयार नाही.