अर्शियाच्या रकान्यातले दोन शब्द

टेंभुर्णीतल्या बेबीनंदाबाई एकोणीस वर्षं अंगणवाडीत सेविका होत्या. कामाला चोख, बोलायला गोड. सकाळी बाबासाहेबांच्या आणि भगवान बुद्धांच्या फोटोपुढं वंदना म्हटल्याशिवाय चहाला शिवायच्या नाहीत. शिक्षण बारावी, मराठी शाळेतलं. इंग्रजीत छत्तीस मार्क पडले होते आणि ते छत्तीस त्यांच्या मनातून कधी गेले नाहीत.

मग एकदा तालुक्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. उशिरा बोलणारी, अडखळणारी, कमी ऐकणारी लेकरं कशी ओळखायची, त्याचं. शिकवायला आलेल्या मॅडमच्या तोंडी सगळे इंग्रजी शब्द. स्पीच डिले, स्टॅमरिंग, हिअरिंग लॉस, रिस्पॉन्स. बाईंनी ते देवनागरीत उतरवून घेतले आणि घरी भाकरी थापता थापता पाठ केले. मुलगी साक्षी हसायची. म्हणायची, "मम्मी, तुझी परीक्षा हाय का आता?"

पाठ केल्याचा गुण लगेच आला. आधी पर्यवेक्षिका एकेका लेकराचं खोदखोदून विचारायच्या. आता बाईंनी एखादा इंग्रजी शब्द टाकला की त्या मान हलवून पुढं जायच्या. त्या शब्दामागं काय आहे ते कुणी विचारत नाही, हे बाईंच्या ध्यानात आलं. बरंही वाटलं.

त्याच वर्षी सालेहाची अर्शिया अंगणवाडीत यायला लागली. अडीच वर्षांची, गोरीगोमटी, डोळे सारखे सगळ्यांच्या तोंडावर. बाप कलीम पुण्याला वेल्डिंगच्या कामावर. घरी सालेहा आणि सासू रहिमुन्निसा. पोरगी एक शब्द बोलत नव्हती. पण खिचडीची वेळ झाली की बाकीची पोरं उठली रे उठली, तीही ताटली घेऊन पळायची. बाई म्हणायच्या, हुशार आहे, नुसती बुजरी.

मदतनीस दैवशाला चौथी शिकलेली. एका दुपारी तिनं अर्शियाच्या पाठीमागं उभं राहून पितळी ताट चमच्यानं बडवलं. सगळी पोरं दचकली. अर्शिया वाट्या रचत बसली होती, ती रचतच राहिली.

दैवशाला हळूच म्हणाली, "बाई, हे लेकरू वळून पाहत न्हाई. कानाचं काही असंल."

"अगं, त्यांच्या घरी उर्दू, इथं आपली मराठी. बिचारीला समजंना काय चाललंय. लँग्वेज प्रॉब्लेम म्हणतेत त्याला."

ताट वाजल्यावर कुणाला मराठी लागते की उर्दू, हे विचारायचं दैवशालाच्या ओठावर आलं असेल. पण इंग्रजी शब्दापुढं ती काय बोलणार? ताट घासायला निघून गेली.

सालेहानंही विचारलं होतं. बाईंनी तिला तेच सांगितलं आणि वर धीर दिला, की शाळेत गेली की आपोआप सुटेल. सालेहानं तो शब्द ताईत बांधून घ्यावा तसा घेतला. गल्लीत कुणी पोरीबद्दल बोललं की ती सांगायची, आमच्या अर्शियाला लँग्वेज प्रॉब्लेम आहे, ताईनं पाहिलंय.  कलीमसुद्धा चौथ्या वर्षी बोलला होता, असं सासूही म्हणायची.

दर सहा महिन्यांनी तपासणीची गाडी यायची. डॉक्टर पाहुण्यासारखे घाईत, पुढं दोन गावं बाकी. अर्शियाची पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, बोलते का? बाई चटकन म्हणाल्या, न्हाई सर, लँग्वेज प्रॉब्लेम आहे, घरी उर्दू आहे ना. डॉक्टरांनी बरं म्हटलं. तपासणीच्या कागदावर अर्शियाच्या रकान्यात बाईंनी स्वतःच्या हातानं ते दोन शब्द लिहिले, खाली सही केली. असं एकदा नाही, पाच वेळा झालं.

सहावं लागलं तशी अर्शिया पहिलीत गेली, उर्दू शाळेत. आता तर भाषा घरचीच होती. तिथल्या गुरुजींनी आठच दिवसांत सालेहाला बोलावून सांगितलं, पोरीला ऐकू येत नाही, मोठ्या दवाखान्यात दाखवा.

संभाजीनगरला तपासलं. दोन्ही कान जन्मापासून गेलेले. दोन-तीन वर्षांची असताना आणली असती तर ऑपरेशन करून बोलती करण्याची चांगली आशा होती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. एवढं कळायला सालेहाला कुणाची गरज पडली नाही. रहिमुन्निसानं सगळ्या गल्लीदेखत सुनेला धुतलं. कलीम फोनवर म्हणाला, तू आई आहेस का कोण आहेस.

सालेहा रिपोर्ट घेऊन अंगणवाडीत आली. भांडायला नव्हे, वाचून घ्यायला. कागदावर ट्रेनिंगमधलेच शब्द होते. बाईंना सगळे वाचता आले. एकही अडला नाही, तेच वाईट झालं.

त्या दिवशी त्यांनी कागद तेवढा वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी वंदनेत पंचशीलातल्या मुसावादा वेरमणीपाशी आल्या आणि थांबल्या. खोटं बोलणार नाही, हे रोजचंच म्हणणं. आपण खोटं बोललो नव्हतो, हे त्यांनी मनाशी किती वेळा म्हणून पाहिलं. पण माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोललो होतो. ते कशात मोडतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि विचारायची गरजही नव्हती.

नवरा पुंजारामनं अडवलं. "कागदावर तुझी सही हाय. जाऊन सांगितलंस तर नोकरीवर यील. पोरीचे कान येणार हायेत का त्यानं?"

"सालेहाला बोल लागतेत, ते तर थांबतील," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

रहिमुन्निसा ओट्यावर तांदूळ निवडत होती. सालेहा आत. बाईंनी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. दैवशालाचं ताट, आपलं उत्तर, डॉक्टरांना आपण आधीच काय सांगून ठेवायचो ते. सालेहाचा ह्यात दोष नाही, तिनं मला चार वेळा विचारलं होतं, हेही सांगितलं.

म्हातारीचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "तुम तो बाई, पराये हो. चूक होती है. माँ को तो समजना था ना?"

बाईंना वाटलं होतं, आपण खरं बोललो की बोल आपल्याकडं येईल आणि सालेहा मोकळी होईल. बोल होता तिथंच राहिला.

दारापर्यंत सालेहा आली. रडली नाही. म्हणाली, "तीन साल मैं चैन से सोई ताई, तुम्हारे भरोसे पे." बाईंनी हात जोडले. ते तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मग खालच्या आवाजात मराठीत बोलली. "सोमवारी कानाचं मशीन पाहायला जायचंय. डॉक्टर निम्मं इंग्रजी बोलतेत. तुम्ही येता का?"

"तू ये म्हणलीस तर येते."

"येऊ नका म्हणायला मला दुसरं कोण हाय?"

सोमवारी सकाळच्या गाडीनं तिघी गेल्या. सालेहा पोरीला घेऊन पुढच्या बाकावर बसली, बाई मागं. दवाखान्यात डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं, कागद चाळले आणि भराभर बोलत गेले. सालेहा बाईंच्या तोंडाकडं पाहत होती. मधले दोन शब्द बाईंनी ट्रेनिंगमध्ये ऐकले होते, अर्थ मात्र पक्का माहीत नव्हता. मान हलवायची सवय होती. मान हलणारच होती.

"सर, मला समजलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मराठीत सांगा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मराठीत सांगितलं. मशीननं मोठा आवाज तेवढा जाणवेल, गाडीचा भोंगा वगैरे. आईचं बोलणं तिला कधी बोलणं म्हणून समजणार नाही.

ह्या वेळी सालेहाला काही समजावून सांगावं लागलं नाही.