उसवलेली दुमड

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला खोड आहे, हे कांचा ब्लांकाच्या आमच्या खाणवसाहतीत कुणीही सांगेल. खाणीच्या फाटकापाशी मी सकाळी गरम आपी विकते. मक्याची ती जांभळी पेज घोट घोट पिताना माणसं नको ते बोलून जातात. त्यात माझा काय दोष? कान देवानं दिलेत.

तर आमच्या गृहिणींच्या समितीनं ठरवलं, त्या जुन्या मोठ्या संपाच्या वेळचे बायकांचे कपडे आणि वस्तू संघटनेच्या हॉलमागच्या खोलीत मांडायच्या. पोरीबाळींना कळू दे, कथलाच्या खाणीसाठी नुसते पुरुष नाही लढले. मांडामांड अर्थातच माझ्या गळ्यात पडली. कुणी मोर्चातलं पातेलं आणलं, डावानं बडवून बडवून पोचे आलेलं. कुणी उपोषणात पांघरलेली शाल आणली. आणि बासिलिया कोंदोरीनं आपला हिरवा पोयेरा, म्हणजे घेरदार परकर, आणला.

बासिलिया माझी कोमाद्रे. माझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला तिनं धर्ममाता म्हणून त्याला हातात धरलं, तेव्हापासूनचं हे नातं. तरुणपणी ती ढिगाऱ्यावर बसून दगड फोडायची, कथील वेचायची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. हातोडा बसला असेल, असं मी धरून चालले होते.

पोयेरा झटकला आणि माझी नजर अडकली. त्याला खालच्या अंगाला आडव्या दुमडी शिवलेल्या असतात. पोरगी वाढली की एकेक उसवायची. वाढ थांबली की उरलेल्या तशाच राहतात, शोभेला. बासिलियाच्या पोयेऱ्याची एक दुमड उसवलेली होती. बाकी कापड उन्हानं विटलेलं आणि तेवढा एक पट्टा गर्द हिरवा. आता बासिलिया म्हणजे जेमतेम माझ्या खांद्याला लागते. लग्नानंतर ही बया वाढली की काय?

"कोमाद्रे, हा कोणत्या उंच बाईनं घातला होता गं?"

तिनं दार लोटून घेतलं. "बाईनं नाही."

उंच म्हणावं असं तिच्या घरात एकच माणूस, तिचा नवरा. हिलारिओ! आमच्या संघटनेचा जुना सचिव. संपात सैनिक त्याच्या मागावर होते आणि तो एकटा बर्फाची खिंड ओलांडून निसटला, ही गोष्ट तो दर वर्षी सभेत सांगतो. पोरं आ वासून ऐकतात. मीसुद्धा.

"कसली खिंड अन् कसलं बर्फ!" बासिलिया म्हणाली. "दुमड मी उसवली. हा घातला, माझी शाल, माझी टोपी, लोकरीच्या खोट्या वेण्या. तान्हं पोर त्याच्या पाठीला बांधलं आणि बाजाराला निघालेल्या बायकांच्या ट्रकमध्ये चढवला. तो पट्टा बघून एकूण एक बाईनं ओळखलं. सैनिक खालच्या मुलखातली पोरं, त्यांना काय कळतंय दुमडीचं! वर म्हातारी ग्रेगोरिया त्याच्यावर खेकसली, 'सरक गं ढालगज, सगळी जागा अडवून बसलीस!'"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या ट्रकमध्ये मी नव्हते, ही माझी जन्माची हळहळ. आणि त्यातल्या एकीनंही आजवर तोंड उघडलं नव्हतं!

"आणि तू?" मी विचारलं.

"मी त्याची विजार चढवली, त्याचं हेल्मेट घातलं आणि खिडकीशी पाठमोरी बसले. तो घरातच आहे असं वाटावं म्हणून. ट्रक लांब जाईपर्यंत निभावलं." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "मग ते आत आले."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. पत्रकं वाटली म्हणून तिला पकडलं, असंच आम्हाला माहीत होतं.

"सरहद्दीपलीकडून परतला तेव्हा हा पोयेरा त्यानं माझ्या हातात दिला," ती म्हणाली. "पण मागं माझं काय झालं, ते कधी विचारलं नाही."

"थांब, सगळं कागदावर लिहून याच्याखाली लावते!"

"खबरदार! बायकोच्या परकरात लपला म्हणून अख्खी वसाहत चिडवेल. म्हातारपणी त्याच्याकडे तेवढा मानच उरलाय." मग हळूच म्हणाली, "पण हा टांग गं. माझं काहीतरी भिंतीवर दिसू दे."

मी नुसतं तिचं नाव लिहिलं. माझ्यासारखीला ते पोटात ठेवणं किती जड गेलं, विचारू नका. फक्त टांगताना तो गर्द पट्टा पुढे केला, बरोबर दिव्याखाली. तेवढं केलंच.

खोली उघडली त्या दिवशी हिलारिओनं नेहमीची गोष्ट सुरू केली. "खिंडीत गुडघ्याएवढं बर्फ..." आणि त्याची नजर भिंतीवर गेली. तो थांबला. पोरं म्हणाली, "पुढं काय झालं, आजोबा?" बासिलिया माझा दंड घट्ट धरून उभी होती.

म्हातारा भिंतीपाशी गेला. त्यानं पोयेरा काढला आणि कमरेला लावून धरला. काठ बरोबर त्याच्या घोट्यांवर आला.

"हीच माझी खिंड," तो म्हणाला. "मी हा घालून गेलो."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी असं वळून बघितलं की ते हसू तिथंच गिळलं गेलं.

हिलारिओ बासिलियाकडे वळला. "आणि माझी विजार गं? तिचं काय झालं?"

"आज विचारतोस होय?" बासिलिया म्हणाली. "रक्तानं कडक झाली होती. सुटून आल्यावर मी ती चुलीत घातली. नाहीतर शेजारी टांगली असती."

त्यानं पोयेरा खांद्यावर टाकला आणि तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. ती न वाकणारी बोटं तो चाचपडत राहिला. तिनं हात सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोयेऱ्याशेजारी एक खिळा ठोकला. त्यावर काहीच टांगलेलं नाही. पोरी विचारतात, इथं काय होतं? मी म्हणते, मला नका विचारू, हिलारिओ आजोबांना विचारा. आणि तो सांगतो.