दाराआडचं विणकाम

लातूर वेगळा जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि त्यात दुष्काळ पडला. आमचं घर बुरडाचं, रेणापूरपासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या गावात. शेतात धान्यच नाही, तर सूप, टोपली, कणगी घेणार कोण? नवरा लातूरला नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर गेला आणि घरात मी आणि सासू, दोघीच उरलो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी तिला आत्या म्हणायची, पण जवळीक म्हणावी अशी नव्हती.

ती रोज दुपारी कोयता घेऊन कोरड्या ओढ्याकडं जायची. निरगुडीच्या फांद्या, शिंदीची पानं, वडाच्या पारंब्या असलं काहीबाही आणायची आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन आतून कडी लावायची. मी विचारायला गेले की म्हणायची, "तू तुझं काम बघ." आतून तिचं पुटपुटणं ऐकू यायचं. मला आधी वाटलं, धान्य लपवून ठेवतेय. मग एकदा फटीतून पाहिलं. पोट सुटलेलं काहीतरी आढ्याला टांगलेलं होतं आणि त्याला खाली लांब मान होती. मी तशीच मागं सरले.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत शेजारणीनं विचारलं, "तुझी सासू वढ्याला काय करून राहिली गं?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण जे दिसलं, ऐकू आलं, ते सांगून टाकलं. घागर भरून घरी येईस्तोवर त्याची करणी झाली होती. म्हातारीनं पाऊस बांधून ठेवलाय, असं लोक म्हणायला लागले.

तिसऱ्या दिवशी पाच-सहा माणसं पोलीस पाटलांना घेऊन दारात आली. मागं बायका होत्या, त्यात शेजारीण होती.

"मावशी, गोठा उघडा," पाटील म्हणाले.

"काऊन?"

"लोकायला बघायचंय."

आत्यानं एकवार सगळ्यांकडं पाहिलं. माझ्याकडंही. मग कडी काढली.

उजेड आत गेला. टांगलेला होता तो सुगरणीचा खोपा, माणसाच्या उंचीचा, शिंदीच्या पानांचा. कोपऱ्यात निरगुडीचं वारूळ उभं होतं, वर बोटासारखी निमुळती टोकं. भिंतीला ज्वारीचं कणीस टेकवलेलं, माझ्या कमरेएवढं, दाण्याच्या प्रत्येक जागी एक विणलेली वाटी, रिकामी. पाटलांनी खोप्याच्या मानेत खांद्यापर्यंत हात घातला. आत काही नव्हतं.

एक म्हातारा म्हणाला, "खोपाच हाय. हिरीवरल्या बाभळीला असायचे. पाणी आटलं अन् पाखरं गेली."

"मंग दार लावून कशाला बसती?" शेजारणीनं विचारलं.

"वारं लागलं की वली काडी तडकती," आत्या म्हणाली. "अन् तुम्ही हसला असता. कणग्या कोणी घेईना, पण हाताला बसवत न्हाई. जे दिसलं ते केलं."

माणसं गेली. संशय मात्र गेला नाही. आमच्या दारासमोरून जाताना बायका पदर सावरून पलीकडनं चालायच्या.

महिन्याभरानं नवऱ्यानं निरोप धाडला, लातूरला हातकामाचं प्रदर्शन आहे, जागा फुकट मिळतेय, जे केलंय ते घेऊन या. आत्याला हे खरं वाटेना. "फुकट जागा कोण देतंय? काहीतरी काढून घ्यायचं असंल." तरी एसटीच्या टपावर बांधून आम्ही तिन्ही वस्तू नेल्या. तिथं जो तो विचारायचा, यात ठेवायचं काय? ती म्हणायची, "काहीच न्हाई." लोक हसून पुढं जायचे. दुपारी एका शाळेतले चित्रकलेचे मास्तर आले. खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मावशी, ही मान वळवली कशी? मला दाखवता?" आत्या बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली, काही डाव आहे का म्हणून. मग पिशवीतली पानं काढली आणि पुटपुटत वेढे मोजत सुरू झाली. संध्याकाळपर्यंत ती दोघं तिथंच होती. खोपा त्यांनी शाळेसाठी नेला.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "टँकरापाशी तू बोलली व्हतीस. मला ठावं हाय."

मी तिच्याकडं वळले.

"मी दार लावलं, हे चुकलं माझं," ती म्हणाली. "पण तू फटीतून बघितलं. हाका मारायच्या व्हत्या. दोनदा, चारदा."

मी रडले. तिनं समजूत घातली नाही, रागावलीही नाही. गाव येईस्तोवर ती कंडक्टरच्या शेजारी ठेवलेल्या वारुळाकडं बघत बसली, कोणी पाय लावील म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढं ओल्या निरगुडीचा भारा टाकला. "बस," म्हणाली. मला पहिला तळ जमायला आठ दिवस लागले.