दोनशे अकरावं पान

पाच माणसं वर्षानुवर्षं एकच पुस्तक वाचत बसली, की पुस्तक किती डोक्यात राहतं देव जाणे, पण माणसं मात्र एकमेकांना पाठ होतात. माझी सून म्हणते, "आई, दर जेवणाला तुमच्या त्या पुस्तकाचा नवा किस्सा निघतो. लिहून काढा एकदाचे." म्हणून हे लिहितेय. मला आमच्या मंडळाचा अभिमान आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको.

मंडळ म्हणजे तरी कोण? अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला असलेले साळवे काका, उल्हासनगरच्या दवाखान्यात आया असलेल्या विमलमावशी, टेलिफोन ऑपरेटर मी, माझे मिस्टर प्रभाकर आणि बाइंडर मोटवानी. मोटवानी सोडला तर आम्ही सगळे एकाच चर्चचे. ऐंशीच्या दशकात दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आळीपाळीने कुणाच्या तरी घरी बसायचो. काका इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे, बाकीचे ऐकायचे.

*

पुस्तक मिळालं ते रद्दीत. काका उल्हासनगरला मशीन ड्रॉइंगचं जुनं पुस्तक शोधायला गेले आणि हे घेऊन आले. कव्हर नाही, पहिली आठ पानं नाहीत. त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, लिहिलं कुणी, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी चाळून सांगितलं, की हे प्युरिटन लोकांचं लिखाण आहे, इंग्लंडातलं, तीनशे वर्षांपूर्वीचं. आधी ख्रिस्ती शिकवण सांगायची आणि लगेच त्याप्रमाणे जगायचं कसं तेही सांगायचं, अशी त्यांची पद्धत. विमलमावशींनी विचारलं, प्युरिटन म्हणजे काय? पाळकसाहेब म्हणाले, की देवळात, घरात, दुकानात, बोलण्यात, सगळीकडे देवाच्या वचनाप्रमाणे चाललंय का, हे रोज स्वतःला तपासणारी माणसं.

काका खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, "म्हणजे आपल्या डिपार्टमेंटची माणसं!"

त्या दिवसापासून पुस्तक काकांच्या ताब्यात. हात धुतल्याशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही. पान बोटाने उलटायचं नाही. कागद जुना, कोपरे तुटतात. काका खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढायचे, पानाखाली सरकवायचे आणि अलगद उलटायचे. ती पट्टी ते चहाच्या कपाजवळसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत.

*

पहिल्याच शनिवारी काकांनी उत्साहाने तीन पानं वाचली. पहिलं पान रागावर होतं, दुसरं आळसावर, तिसरं आता आठवत नाही. विमलमावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या पदर सावरून शांतपणे ऐकत होत्या. चौथ्या पानाखाली पट्टी जाताच त्या बोलल्या.

"पहिल्या पानावरचं झालं का?"

काका म्हणाले, झालं की वाचून.

"वाचून नाही. करून झालं का? नसेल तर पुढचं कशाला ऐकायचं? दवाखान्यात पहिला डोस लागू पडल्याबिगर दुसरा देत नाहीत."

काकांनी पट्टी काढून घेतली, आणि तिथेच आमचा नियम ठरला. एका शनिवारी एकच पान. ज्याची पाळी, त्याच्या नावावर ते पान. त्याने आठवडाभरात त्यातलं करायचं आणि पुढच्या शनिवारी उभं राहून सांगायचं, "झालं." मगच पान उलटायचं. झालं नसेल, तर तेच पान पुन्हा, त्याच माणसाच्या नावावर.

*

मोटवानी आमच्यात आला तो बांधणीमुळे. काकांनी सुटी पानं त्याच्याकडे बाइंडिंगला दिली. एरवी तीन दिवसांत काम करणारा माणूस, तीन आठवडे झाले तरी पुस्तक देईना. शेवटी काका दुकानात जाऊन उभे राहिले, तर हा चष्मा लावून मशीनमागे पुस्तक वाचत बसलेला!

मोटवानी डायऱ्या बनवायचा आणि त्यांच्यावर सोनेरी अक्षरांत "इम्पोर्टेड" असा ठसा मारायचा. पुस्तकातलं एक पान नेमकं धंद्यातल्या खरेपणावर होतं. तो काकांना म्हणाला, "साईं, ये किताब ले जाओ. दुकान में रहेगी तो मेरा ठप्पा बंद हो जाएगा."

काकांनी पुस्तक नेलं. पुढच्या शनिवारी मोटवानी स्वतःच दारात हजर. प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर रुमाल घेऊन बसला आणि तेव्हापासून एक शनिवार चुकला नाही. ठसा खरोखरच बंद केला. वर आम्हालाच तक्रार सांगायचा, "पहले कस्टमर विचारायचा, माल कुठला? मी बोलायचो इम्पोर्टेड, तो खूश. आता मी बोलतो, ह्याच गल्लीतला. तर तो बोलतो, खोटं नका बोलू!"

*

माझ्या नावावर एकदा जिभेचं पान आलं. समोर हजर नसलेल्या माणसाबद्दल वावगा शब्द काढायचा नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या बाईला हे पान! मी म्हटलं, आठच दिवस तर आहेत.

सोमवारी एक्स्चेंजमध्ये मैत्रिणींना वाटलं, मी रुसलेय. मंगळवारी सासूबाईंचा फोन आला, त्यांना वाटलं आमचं भांडण झालंय. गुरुवारी प्रभाकरने मला न सांगता डॉक्टरांची वेळ घेतली. आम्ही दोघं गेलो. डॉक्टर म्हणाले, त्रास काय होतोय? प्रभाकर काळजीने म्हणाला, "त्रास काही नाही हो. चार दिवस झाले, ही घरात गप्प आहे."

तेव्हा मला कळलं, की मी आजवर जे बोलत होते त्यातलं बहुतेक सगळं हजर नसलेल्या माणसांबद्दलच होतं. शनिवारी उभं राहून मी "झालं" म्हणाले, तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या प्रभाकरने वाजवल्या.

*

विमलमावशींच्या नावावर आजाऱ्यांना भेटायचं पान आलं. आम्हाला वाटलं, मावशींची चैन झाली, त्या रोजच वॉर्डात असतात. पण पुढच्या शनिवारी त्या म्हणाल्या, "नाही झालं. पगार घेऊन केलेलं देवाला काय दाखवायचं?"

मग त्यांनी एक दिवस रजा टाकली आणि ज्या रिटायर मेट्रनबाईंनी त्यांना नोकरीभर घालूनपाडून बोलून रडवलं होतं, त्यांच्या घरी गेल्या. बाई अंथरुणाला खिळलेल्या. मावशींनी त्यांना न्हाऊ घातलं, वेणी घातली. मावशी निघाल्या तेव्हा मेट्रनबाई काय म्हणाल्या, ते आम्ही विचारलं. मावशी म्हणाल्या, "चादर नीट खोचली नाहीस म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं."

*

एकदा पाळकसाहेबांनी मुंबईहून एक पाहुणे आणले. मोठे अभ्यासक, काखेत जाडजूड पुस्तक. आमच्याकडे प्युरिटनांचं वाचन चालतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी कौतुकाने विचारलं, की पाच वर्षांत किती पुस्तकं झाली?

काका म्हणाले, "एक. तेही अजून निम्मं राहिलंय."

पाहुणे नुसते हसले. मग जरा परीक्षाच घ्यावी म्हणून त्यांनी विचारलं, की जस्टिफिकेशन आणि सँक्टिफिकेशन, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरणं आणि पवित्र होत जाणं, यांतला फरक काय. आम्ही काकांकडे बघितलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"साहेब, आपला जॉब, म्हणजे आपल्या हातचा नग, रिजेक्ट आहे. पण ख्रिस्ताचा जॉब पास झालाय आणि त्याचा शिक्का देवाने आपल्या जॉबवर मारलाय. हे जस्टिफिकेशन, एका क्षणात होतं. त्यानंतर आपल्या जॉबवर जी कानस चालते, ती सँक्टिफिकेशन. ती रिटायर होईपर्यंत चालते."

पाहुण्यांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, जरा सावकाश सांगता का, लिहून घेतो. आम्ही चौघं त्या दिवशी काकांकडे नुसते बघत होतो. कारखान्यातले जॉब तपासणारा आमचा माणूस! अजून आठवलं तरी ऊर भरून येतो.

*

आता त्या दोनशे अकराव्या पानाचं.

मंडळाच्या सातव्या वर्षी ते आलं आणि पाळी काकांची होती. पान समेटावर होतं. भावाशी अबोला असेल तर देवापुढे गुडघे टेकण्याआधी त्याच्या दारात जा. चूक कुणाची ते दारात उभं राहून मोजू नको. एवढंच होतं. काकांनी ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि चहा न घेता गेले.

आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना एकच धाकटा भाऊ, डॅनियल. आईवडील गेल्यावर काकांनीच त्याला वाढवला. त्याने पालेगावच्या शेतकऱ्याच्या मुलीशी, शोभाशी, लग्न केलं. मुलगी हिंदू, लग्न रजिस्टर. काका लग्नाला गेले नाहीत. "तुझं माझं नातं संपलं," असं डॅनियलला तोंडावर सांगितलं आणि शोभाचं तोंडही बघितलं नाही. डॅनियल बदलापूर गावात राहायचा. अंबरनाथहून काही लांब नाही, पण चौदा वर्षं काका तिकडे फिरकले नव्हते.

पुढच्या शनिवारी काका बरोबर पाचला आले. हात धुतले, उभे राहिले आणि म्हणाले, "झालं नाही." मग तेच पान पुन्हा वाचलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. एक महिना गेला, दोन गेले.

खोटं बोलून सुटणं सोपं होतं. बदलापूर गावात जाऊन बघणार कोण होतं? पण ज्या माणसाने कारखान्यात साहेबाच्या सांगण्यावरूनही चुकीचा जॉब पास केला नाही, तो हे करणार नव्हता. आम्हीही पाळी बदलू या म्हणालो नाही. फक्त मोटवानीला एकदा राहवलं नाही. म्हणाला, "काका, बाइंडर मी आहे. एक पान काढलं तर कुणाला कळणार?"

काका म्हणाले, "मला."

तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी काका पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आम्ही आनंदाने उठलोच. तर काकांनी पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "झालं नाही." ते सकाळी पेढे घेऊन बदलापूर गावात गेले होते, भावाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथून परतले होते. आम्ही एकेक पेढा खाल्ला. दुसरा कुणी उचलला नाही.

असे तीनदा पेढे आले. आठ महिने आम्ही दर शनिवारी तेच पान ऐकलं. मला ते इतकं पाठ झालं, की भाजी चिरताना तोंडात यायचं. लोक हसायचे, की तुमचं पुस्तक अडकलं म्हणे. अडकलं होतंच. पण त्या आठ महिन्यांत आमच्यातला एकही जण एकाही शनिवारी गैरहजर राहिला नाही, हे मी आजही कुणालाही मान वर करून सांगेन.

मग तो शनिवार आला. बैठक आमच्या घरी होती. पाच वाजले, काका नाहीत. सव्वापाच झाले. सात वर्षांत या माणसाला पाच मिनिटं उशीर झाला नव्हता. पुस्तक त्यांच्याकडेच. मोटवानी डोक्यावर रुमाल घेऊन दारात जाऊन उभा राहिला. प्रभाकर चपला घालून निघणार, एवढ्यात फाटक वाजलं.

एक बाई आत आली. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, कपाळाला कुंकू, घामाने थबथबलेली. आमच्यापैकी कुणीही तिला आधी पाहिलेलं नव्हतं. तिच्या छातीशी स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने टॉवेल सोडला. आमचं पुस्तक!

"मी शोभा," ती म्हणाली. "दादा आमचे घरी जेवाला बसलेन. दोघं भाऊ दुपारी बसले, ते अजून ताटावरून उठले नाहीत. मला म्हणाले, शनिवार हाय, तू जा आणि सांग, झालं."

विमलमावशींनी विचारलं, "आणि पेढे?"

"पोरांनी संपवले."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. शोभाने कमरेची पिशवी उघडून त्यातून काकांची सहा इंची पट्टी काढली आणि आमच्यापुढे धरली. "ही पण दिली. बोटानं उलटू नका म्हणाले."

पट्टीला हात लावायची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत होईना. मावशी म्हणाल्या, "तुझ्याकडे दिलीय ना? मग तूच उलट."

शोभा मोरीत गेली, साबण लावून हात धुतले, टॉवेलाने कोरडे केले. खाली बसून तिने दोनशे अकराव्या पानाखाली पट्टी सरकवली आणि ते अलगद उलटलं. कोपरा जरासुद्धा दुमडला नाही. मग तिने मान वर करून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"आता ह्ये पान कुणाचं?" तिने विचारलं.