दोन स्पीकरांच्या मधली जागा

घाटकोपरच्या स्पीकरच्या दुकानात मी मोठा जाणकार असल्यासारखा सगळ्यात महागड्या स्पीकरवर बोटानं टकटक करत होतो. शेजारच्या स्टुलावर एक काका चपला काढून, डोळे मिटून गाणं ऐकत बसले होते.

"ते नुसतं दणदणतं हो," डोळे न उघडताच ते म्हणाले. "ही छोटी जोडी ऐका. अर्ध्या किमतीत गाणारी बाई समोर येऊन बसते. फक्त बसायचं दोन्हींच्या बरोबर मध्ये." आणि उठून त्यांनी मला स्टूल दिलं.

ऐकली, आणि लगेच घेऊनच टाकली.

खोकं बांधताना दुकानदार त्यांना म्हणाला, "काका, शेवटची जोडी होती. दर रविवारी येऊन ऐकत होतात, दिवाळीला नेणार होतात ना?"

मी ओशाळलो. "मग मला कशाला सांगितलंत?"

"तुम्ही चुकीचं घेत होतात ना," चपला घालत ते म्हणाले.

'तुम्हीच न्या' असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "थँक्यू."

बायको विचारते, "एवढ्या हौसेनं आणलेस, मग खुर्ची बाजूला ओढून का बसतोस रे?"

मधे आवाज फारच छान येतो. तिथे बसवत नाही.